ज्याने टांगली त्यानेच काढावी

सदर इसम पुरुष, वय चौऱ्याहत्तर, बांधा किरकोळ, व्यवसाय लिफ्ट मिस्त्री (निवृत्त). ओळखीची खूण: हृदयाची उजवी धमनी जन्मतःच भलत्या जागेवरून उगम पावलेली व दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून वाट काढीत गेलेली, डावी धमनी एके ठिकाणी फुगीर. असे उदाहरण क्वचित आढळत असल्याने सदर इसम वैद्यकीयदृष्ट्या दुर्मिळ. वास्तव्य चौथ्या मजल्यावर. इमारतीस लिफ्ट नाही. पुढील आदेश होईपर्यंत सदर इसमास जिन्याची चढ-उतार वर्ज्य.

यात खोटं काही नाही. लिफ्टचा मिस्त्री आणि बिनलिफ्टची इमारत हे शेजारी शेजारी आलं की लोकांना हसू फुटतं, पण मिस्त्रींना त्या हसण्याची सवय होती. "न्हाव्याचे केस कोण कापतं ते आधी सांगा," असं ते म्हणत आणि विषय संपवत. खरं कारण असं की पहिल्या मजल्यावरच्या लोकांना लिफ्टची गरज कधीच पटली नव्हती, आणि मीटिंगला वेळेवर येणारे तेवढेच होते. मिस्त्रींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती वर-खाली केल्या आणि संध्याकाळी कठड्याला धरून आपल्या घरी चढले. तिसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर जरा बसायचे. बायको वरून विचारायची, "पोचलात का बसलात?" ते म्हणायचे, "बसलोय."

त्या बसण्याची दखल घ्यावी असं कुणाला वाटलं नाही, कारण ते जन्मभर बसतच आले होते. लहानपणी थोरली बहीण, म्हणजे अक्का, त्यांना शाळेत पोचवायची. वाटेत चढ होता. अर्ध्या चढावर हा पोरगा दप्तर टाकून मटकन खाली बसायचा. अक्का कान धरून उठवायची, तो चार पावलं चालून पुन्हा बसायचा. तिने नाव ठेवलं बसक्या. घराने ते उचललं, गल्लीने उचललं, आणि मोठेपणी त्याने लिफ्टचा धंदा धरला तेव्हा अक्का म्हणाली, "बरोबर. जिने चढायचा आळस करणाऱ्याने दुसरं काय शिकावं?"

मग एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर मिस्त्री बसले ते उठेचनात. छातीत कुणीतरी पाना लावून आवळत होतं. शेजाऱ्याने पाहिलं, मुलाला फोन गेला, आणि तासाभरात मिस्त्री हॉस्पिटलच्या टेबलावर आडवे होते. मनगटातून एक बारीक नळी हृदयाकडे निघाली होती.

भूल फक्त मनगटापुरती होती, त्यामुळे कान शाबूत होते. मोठे डॉक्टर पडद्याकडे बघत नळी फिरवत होते. डावी धमनी सापडली. उजवी सापडेना. बराच वेळ गेला आणि डॉक्टर हळूच म्हणाले, "इथे नाहीये."

हे वाक्य त्यांनी स्वतः कितीतरी मशीनरूममध्ये उच्चारलं होतं, अगदी याच आवाजात. पण तेव्हा आत अडकलेलं माणूस दुसरं असायचं.

काचेपलीकडे डॉक्टर जमू लागले. एकाचे चार झाले. शेवटी धमनी सापडली, डाव्या बाजूला, जिथे तिचं काहीही काम नव्हतं. काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं, "सुंदर." मिस्त्रींना आजवर कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. त्यांनी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणाले."

पुढे स्कॅन झाला आणि वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून दाखवलं. दोन जाड नळ्या, मधून एक बारीक.

"धावलात की या दोन्ही मोठ्या नळ्या फुगतात. मधली चेपते. मग हृदयाला रक्त कमी पडतं."

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

"तुम्ही फार धावला नसाल."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "बसायचो."

बाईंना यातला अर्थ कळायचं कारण नव्हतं. त्यांनी पुढचं सांगितलं. तरुण माणसात असं निघालं तर ऑपरेशनकडे कल असतो, कारण धोका धावत्या वयात जास्त. या वयात छाती उघडायची की गोळ्यांवर भागवायचं, हे ताणाची तपासणी ठरवेल. इंजेक्शन देऊन हृदयाला पळवतात आणि रक्त कुठे कमी पडतं ते यंत्रावर बघतात. यंत्रासाठी रांग होती. "तोवर जिना बंद," बाई म्हणाल्या. "आता उचलून वर नेतील. वर गेलात की वरच. मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. कळलं, काका?"

मिस्त्रींना कळलं. नको इतकं कळलं, आणि इथूनच पुढचा घोळ सुरू झाला.

लिफ्टच्या कामात एक पाटी असते: काम चालू आहे, हात लावू नये. मिस्त्री शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरण्याआधी वीज तोडतो आणि स्विचवर ती पाटी टांगतो. नियम एवढाच की ज्याने टांगली त्यानेच काढावी. मालक येवो, साहेब येवो, काम संपल्याचं डोळ्यांना दिसत असो, दुसऱ्याने तिला बोट लावायचं नाही. मिस्त्री ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांची पाटी एकदा एका वॉचमनने काढली होती. काम झालं असेल असं त्याला वाटलं. उस्ताद त्या वेळी चाकावरून दोर बसवत होते. त्यानंतर उस्ताद चहाचा कप डाव्या हाताने धरत, कारण उजव्या हाताला धरायला पुरेशी बोटं उरली नव्हती. मिस्त्रींनी देवाधर्माचे नियम सोयीने पाळले. हा एक कधी मोडला नाही.

तर डॉक्टरीणबाईंनी पाटी टांगली, आणि मुलाने व तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने मिस्त्रींना खुर्चीत बसवून वर नेलं. दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्याची कंबर लचकली. तो तेव्हापासून पट्टा बांधून फिरत होता आणि भेटेल त्याला सांगत होता की मिस्त्री दिसतात तसे हलके नाहीत.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची अरुंद गॅलरी. मिस्त्री आतल्या खोलीतून गॅलरीत येत आणि गॅलरीतून आतल्या खोलीत जात. त्यांनी सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सगळे नळ खोलून पुन्हा जोडले. मग बायकोच्या शिवणयंत्राला हात घातला, तेव्हा तिने ते कपाटात नेऊन कुलूप लावलं.

"मी काय करू मग?"

"अडकलेल्या लोकांना तुम्ही काय सांगायचात?"

"शांत बसा, दाराला धक्के मारू नका, पाच मिनिटांत काढतो."

"मग बसा शांत."

"ती पाच मिनिटं कधीच पाच नसायची," मिस्त्री म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तळमजल्यावर, अक्का राहत होती. वय ब्याऐंशी, गुडघे निकामी, आवाज खणखणीत. रोज संध्याकाळी मिस्त्री तिच्याकडे पत्ते खेळायला जात. ती राजरोस लबाडी करी आणि ते राजरोस हरत. आता ती दारात खुर्ची टाकून बसे, हे गॅलरीत बसत, आणि दोघं एकमेकांकडे बघत फोनवर बोलत. अक्काला कमी ऐकू येई म्हणून ती ओरडून बोले. तिचं वाक्य आधी रस्त्यावरून वर येई आणि मग फोनमधून.

"डॉक्टर काय म्हणतो, बसक्या?"

"रक्तवाहिनी चुकीच्या जागेवरून निघालीय. जन्मापासून."

"आपल्या घरात असलं कुणाला नव्हतं."

"धावलं की चेपते म्हणे. म्हणून बसावं लागतं."

अक्काने पदराने फोन पुसला आणि पुन्हा कानाला लावला. मग अक्का म्हणाली, "जेवलास का?"

तपासणीचा दिवस आला. बाईंनीच लिहून ठेवल्याप्रमाणे अँब्युलन्सच्या दोन माणसांनी मिस्त्रींना खाली नेलं, संध्याकाळी वर आणलं. तपासणी चांगली निघाली. हृदय पळवलं तरी रक्त कुठे कमी पडत नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. एक गोळी हृदयाची गती आवरायला, एक रक्त पातळ ठेवायला, तीन महिन्यांनी दाखवा. मुलाने विचारलं, "आणि जिने?" डॉक्टर दुसऱ्या कागदावर सही करता करता म्हणाले, "बघा, झेपेल तसं."

मुलाला वाटलं, सुटलो. मिस्त्रींना वाटलं, ही काही पाटी काढायची रीत नव्हे.

"बाईंनी सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत," ते म्हणाले. "बाई कुठायत?"

बाईंची इथली मुदत संपली होती. त्या दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या होत्या.

"अहो बाबा, मोठे डॉक्टर त्यांच्या वरचे," मुलगा म्हणाला.

"वॉचमनही मालकाचाच माणूस होता."

मुलाने कपाळाला हात लावला. तो लांबच्या शहरात नोकरीला होता, तिकडे निघून गेला. बायकोने दोन दिवस समजूत घातली, मग तीही गप्प बसली, कारण तिलाही भीती होतीच. तरण्याताठ्या पोरांना मैदानात गाठणारा हा प्रकार, असं तिने बाईंच्या तोंडून ऐकलं होतं. नवरा दुर्मिळ निघाल्यापासून ती रात्री त्याच्या नाकापुढे हात धरून बघायची. मिस्त्री जागे असले तरी झोपल्याचं सोंग घेत. त्यांना भीती नव्हती असं नाही. उलट नियम सोयीचा होता: त्याच्यामागे उभं राहिलं की भीतीकडे पाहावं लागत नव्हतं.

आणि मग भाच्याने, म्हणजे अक्काच्या मुलाने, कळवलं की तो रविवारी सकाळी अक्काला कायमचं न्यायला येतोय. एकटीला आता ठेवणं बरं नाही. त्याचं घर इतकं लांब होतं की अक्काच्या गुडघ्यांना आणि मिस्त्रींच्या धमनीला तो प्रवास पुन्हा झेपण्यातला नव्हता. हे दोघांनाही कळलं होतं. दोघांनीही ते फोनवर काढलं नाही.

"रविवारी ये खाली," अक्का एवढंच म्हणाली. "मला काही चढवत नाही."

"मला उतरायची बंदी आहे."

"कुणाची?"

"गेलेल्या बाईंची."

"मेली की काय?"

"बदलून गेली."

"मग तिची बंदी तिच्याबरोबर का नाही गेली?"

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

बायकोने पदर खोचला. तिने हॉस्पिटलला फोन लावला, चार जणांनी तो एकमेकांकडे टोलवला, शेवटी बाईंचा नंबर मिळाला. बाई भल्या होत्या. त्यांना काका लगेच आठवले.

"अजून वरच आहेत? काकू, ते फक्त तपासणीपर्यंत होतं."

"मग तसं सांगा ना त्यांना. फोन देते."

"तसं नाही सांगता येणार हो आता. ते माझे पेशंट नाहीत, मी नवे रिपोर्ट पाहिलेले नाहीत. सरांनाच विचारा."

सरांच्या सेक्रेटरीने सांगितलं की सर परगावी गेलेत, मोठी परिषद आहे, एक दुर्मिळ केस दाखवायचीय, सोमवारी येतील.

बायकोने फोन ठेवला. केस कुणाची हे दोघांनाही विचारावं लागलं नाही. मिस्त्रींच्या धमन्या विमानाने परगावी गेल्या होत्या. मिस्त्री चौथ्या मजल्यावर होते.

रविवारी सकाळी गाडी आली. मिस्त्री गॅलरीत उभे होते. भाच्याने आधी गाठोडी ठेवली, मग खुर्ची, मग अक्काला धरून मागच्या सीटवर बसवलं. अक्काने वर पाहिलं नाही. गाडीचं दार उघडंच होतं. भाचा कुलपाची किल्ली शोधत होता.

"खुर्चीतून नेऊ या का?" बायको म्हणाली. "कुणाला तरी हाक मारते."

"पाटी लागलेली लिफ्ट हाताने फिरवायचीही नसते."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्या पाटीबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"आणि पाटी टांगणारा मेला तर? किंवा पळाला? तर लिफ्ट काय जन्मभर बंद ठेवता?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याला वेगळी रीत आहे. दोघांनी मिळून वरपासून खालपर्यंत जायचं. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, हाक मारायची, आत कुणी नाही ना ते बघायचं. सगळं ठीक असलं तरच पुढे. खाली पोचलं की दोघांच्या साक्षीने..."

ते थांबले. इतके दिवस त्यांना हे सुचलं नव्हतं, कारण इतके दिवस ते स्वतःला मिस्त्री समजत नव्हते, लिफ्ट समजत होते.

"दोघं लागतात," ते म्हणाले.

"मग मी कोण आहे?" बायको म्हणाली आणि चपला घातल्या.

पहिला टप्पा उतरताना बायकोने त्यांचं मनगट धरलं. नाडी कशी मोजतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिने नुसतं धरलं. तिसऱ्या मजल्यावर मिस्त्री थांबले आणि शाफ्टमध्ये मारायचे त्या आवाजात त्यांनी हाक मारली, "आहे का कोणी?"

दार उघडलं. पट्टा बांधलेला शेजारी बाहेर आला आणि मिस्त्रींना उभं पाहून एक पाऊल मागे सरकला. "मी नाही हं उचलणार."

"तपासणी चालू आहे," मिस्त्री म्हणाले. "छातीत काही नाही. पुढे."

दुसऱ्या मजल्यावर हाक मारली. कुणी आलं नाही. तिथे ते अंमळ जास्त थांबले. बायकोच्या बोटांखाली काहीतरी ठोके देत होतं. ते त्यांचं होतं की तिचं, ते कळत नव्हतं. "पुढे?" तिने विचारलं. खालून गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बायकोचा पाय उचलला गेला, पण मिस्त्रींनी तिला थांबवलं. "घाईत कोणी पाटी काढत नाही," असं म्हणून ते तिथे उभे राहिले, आणि ते उभं राहणं त्यांना आजवरच्या सगळ्या बसण्यांपेक्षा जड गेलं.

पहिल्या मजल्यावरच्यांनी दार किलकिलं करून विचारलं, "लिफ्टचं काही ठरलं का?"

रस्त्यावर ऊन होतं. मिस्त्रींना ते इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं. गाडी अजून उभी होती. अक्काने दार ओढू दिलं नव्हतं. एक पाय बाहेर ठेवून बसली होती, आणि भाचा तिची मनधरणी करत होता.

"मामा?" भाचा म्हणाला. "मामी, यांना कसं काय..."

"उशीर केलास," अक्का म्हणाली.

"मध्ये थांबत आलो."

"थांबणारच तू. जन्मभर दुसरं केलंस काय?"

मग तिने बाहेरचा पाय हातांनी उचलून आत घेतला, कण्हत कण्हत सरकली आणि शेजारी जागा केली. "बस," ती म्हणाली.

मिस्त्री बसले. भाच्याने इंजिन बंद केलं आणि उगाच टायर बघायला गेला.

"आईला ठाऊक असतं ना," अक्का समोर बघत म्हणाली, "तर तिने तुला कडेवर नेलं असतं शाळेत."

"आणि तू?"

अक्काने विचार केला. "मी कान धरलाच असता. घंटा व्हायची ना रोज."

तिने हात वर केला आणि त्यांचा कान धरला. पिळला नाही. नुसता धरून ठेवला, जसं वर जिन्यात बायकोने मनगट धरलं होतं. मग पिशवीतून पत्त्यांचा जोड काढून त्यांच्या मांडीवर टाकला. "घे. तिकडे खेळायला कोण आहे मला? एक पत्ता कमी आहे."

"माहितीये. तुझ्या उशीखाली असायचा."

"उशी पण गेली गाडीत," अक्का म्हणाली. "असू दे."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मिस्त्री आणि बायको परत फिरले. वर जाताना प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसले. घाई कुणालाच नव्हती. मिस्त्रींच्या छातीत काही झालं नाही. धाप लागली ती बायकोला.

तीन महिन्यांनी मिस्त्री स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेले. मोठे डॉक्टर खुशीत होते. परिषदेत केसचं कौतुक झालं होतं. त्यांनी गोळ्या तशाच ठेवल्या आणि बाकीचं लिहायला नव्या तरुण डॉक्टरांना सांगितलं. नव्या डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर रुग्णाची प्रकृती स्थिर. जिन्याची चढ-उतार करण्यास हरकत नाही. रुग्णाने रोज सायंकाळी खाली उतरून कोणाकडे तरी जाऊन यावे, मन रमेल.

समोरच्या तळमजल्याला कुलूप होतं.